अंधाऱ्या आकाशाच्या शोधात: आकाशदर्शनाच्या जागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की फोनवर निरोप सुरू होतात: "येत्या अमावास्येला कुठे जाऊ?" गेली बरीच वर्षं दर हिवाळ्यात मी लोकांना घेऊन आकाशदर्शनाला जातो, त्यामुळे हे प्रश्न मला जवळजवळ पाठ झाले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, नेहमीच्या नियमात न बसणारे शेवटी. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची आणि थोडी गोव्याची आहेत, कारण याच आकाशाखाली मी सर्वांत जास्त रात्री काढल्या आहेत.

१. अंधारं आकाश म्हणजे नेमकं काय? रात्री सगळीकडे अंधारच असतो ना?

नसतो. शहरातल्या दिव्यांचा जो उजेड वर जातो, तो हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि सगळं आकाश पांढुरकं किंवा पिवळट करून टाकतो. तारे कुठे गेलेले नसतात. त्यांच्या मागचा पडदाच उजळल्यामुळे ते उठून दिसत नाहीत, एवढंच.

हा उजेड मोजायला हौशी लोक बोर्टल श्रेणी वापरतात. जॉन बोर्टल या अमेरिकी निरीक्षकाने ती २००१ मध्ये मांडली. तिच्यात १ ते ९ असे दर्जे आहेत: १ म्हणजे निखळ अंधार, ९ म्हणजे महानगराचा मध्य. मुंबई-पुण्याची दाट वस्ती ८ आणि ९ मध्ये येते. तिथे मृगाचे ठळक तारे, व्याध, गुरू, शुक्र एवढंच हाती लागतं. दर्जा ४ ला आकाशगंगा स्पष्ट ओळखू येते. १-२ ला तिच्या पट्ट्यातल्या काळ्या भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुण्या-मुंबईहून दोन-तीन तासांच्या अंतरावर ३ किंवा ४ दर्जाचं आकाश मिळालं तर ती रात्र सार्थकी लागली असं समजा.

२. त्यासाठी एवढ्या लांब जायलाच हवं का? आमच्या गच्चीवरून काहीच दिसणार नाही?

गच्चीवरूनही बरंच दिसतं. चंद्रावरची विवरं, शनीची कडी, गुरूचे चार मोठे उपग्रह, जोडतारे यांना अंधार लागत नाही. लागते ती स्थिर हवा, आणि ती शहरातही मिळते. ज्यांना फक्त शनी पाहायचा आहे त्यांना मी प्रवासाचा खर्च करूच देत नाही. अंधार लागतो तो धूसर गोष्टींसाठी: आकाशगंगा, तेजोमेघ, दीर्घिका, धूमकेतूचं शेपूट आणि उल्का.

३. कोणते महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांचा आवडता काळ. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध, पुनर्वसू हे सगळं एकाच रात्री डोक्यावरून जातं, शिवाय १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन उल्कावर्षाव असतो. माझ्या मते मात्र मार्च ते मे हा काळ लोक उगाच सोडून देतात. उन्हाळ्यात क्षितिजाजवळ धुरकटपणा असतो हे खरं आहे. पण आकाशगंगेचा सर्वांत भरघोस भाग, म्हणजे वृश्चिक आणि धनू राशींकडचा, याच महिन्यांत वर येतो. मार्चमध्ये त्यासाठी पहाटे उठावं लागतं. मेच्या मध्यावर रात्री साडेदहा-अकरापासून तो वर चढू लागतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडताच तोच भाग नैर्ऋत्येला पुन्हा थोडा वेळ भेटतो.

एक सूचना. लक्ष्मीपूजनाची अमावास्या अंधारी असली तरी त्या रात्री गावोगाव फटाक्यांचा धूर साचलेला असतो. तिच्या पुढची कार्तिक अमावास्या धरा.

४. अमावास्येलाच जायला हवं का? आम्हाला फक्त शनिवार जमतो.

अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा दिवस उत्तम, म्हणजे महिन्यात एक-दोन शनिवार सापडतातच. हिशोबाला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. संकष्टीचा चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास होतो हे उपास करणाऱ्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तिथून चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. त्यामुळे अष्टमीनंतर पूर्वरात्र तुमची. शुक्ल पक्षात याच्या उलट होतं: अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीकडे मावळतो, मग पहाटेपर्यंत अंधार.

आणि सूर्य मावळला की लगेच काळोख होत नाही. आपल्याकडे पूर्ण अंधार व्हायला सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास जातो. त्या वेळात जेवण उरका.

५. प्रकाश प्रदूषणाचा नकाशा कसा वाचायचा?

'लाइट पोल्युशन मॅप' असं शोधलं की रंगीत नकाशा उघडतो. लाल-पांढरा म्हणजे उजळ, हिरवा मध्यम, निळा आणि काळा म्हणजे अंधार. बहुतेक जण त्यातला सर्वांत काळा ठिपका शोधतात आणि तिथे जायचा रस्ता पाहू लागतात. मी आधी त्या ठिपक्याच्या दक्षिणेला काय आहे ते पाहतो. का, ते प्रश्न ७ मध्ये सांगितलं आहे. हा नकाशा कुठे फसवतो ते प्रश्न १७ मध्ये आहे.

६. शहरापासून किती लांब गेलं म्हणजे पुरे?

मर्ल वॉकर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मोजमापं करून एक ढोबळ नियम काढला. अंतर दुप्पट केलं की शहराचा आकाशातला उजेड निम्मा होत नाही, पाचपटीहूनही जास्त कमी होतो. म्हणजे ४० किलोमीटरवरून ८० वर गेलात तर फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. पण १५० वरून १९० वर गेल्याने हाती फारसं काही लागत नाही, तेवढ्या वेळाची झोप मात्र जाते. मोठ्या शहरापासून ६० ते १०० किलोमीटर आणि मधे डोंगराची एखादी रांग, हे गणित मला सर्वांत मानवलं आहे.

७. सगळीकडून अंधार असलेली जागा मिळतच नाही. मग निवड कशी करायची?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. चारही दिशांना काळोख असलेली जागा शोधू नका, दक्षिण काळी असलेली जागा शोधा.

आपण साधारण १६ ते २१ अंश उत्तर अक्षांशांवर राहतो. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो, त्यामुळे उत्तरेचं आकाश आपल्याकडे दबलेलं आहे. दक्षिणेचं मात्र भरपूर उघडं आहे. अगस्त्य, वृश्चिकाची नांगी, धनूतले तेजोमेघ, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ, मित्र हा ठळक तारा, त्रिशंकू हे सगळं दक्षिणेला आहे. आकाशगंगेचं केंद्र पुण्यातून ४२ अंशांपर्यंत चढतं. लंडनमध्ये ते १० अंशांपर्यंतही पोचत नाही. ही आपली श्रीमंती आहे, आणि शहराच्या उत्तरेला जाऊन बसलात तर नेमकी तीच त्या शहराच्या उजेडात बुडते.

पुण्याचंच पाहा. जुन्नरच्या बाजूला गेलात तर पुणे आणि चाकणचा औद्योगिक पट्टा तुमच्या दक्षिणेला येतो. डोक्यावर आकाश सुंदर असतं, पण नांगी पिवळ्या उजेडात बुडालेली. तेवढाच प्रवास वेल्ह्याकडे केलात तर पुणे ईशान्येला, म्हणजे तुमच्या पाठीमागे राहतं. पहिल्यांदा हा फरक पाहिला ती मेमधली रात्र होती. एकाच आठवड्यात दोन्हीकडे गेलो होतो. जुन्नरला ओमेगा सेंटॉरी दुर्बिणीतूनही फिकट वाटला होता. केळदच्या माळावर तो नुसत्या डोळ्यांनी, पुसट कापसाच्या बोंडासारखा दिसला, आणि शेजारी गोधडीवर पडलेला गावातला मुलगा म्हणाला, "तो तारा पुसल्यासारखा का दिसतोय?"

नियम एवढाच: शहराच्या दक्षिणेला जा. ते जमलं नाही तर दोन शहरांच्या मधला, डोंगराआडचा भाग निवडा.

८. पुण्या-मुंबईजवळच्या जागा सांगा ना.

पुण्याहून वेल्ह्यापुढचा केळद-मढे घाटाचा पट्टा मला सर्वांत जवळचा. घाटाच्या अगदी कडेवर बसलं की खाली नैर्ऋत्येला महाडच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे दिसतात. कड्यापासून थोडं मागे सरकलं की ते थेट डोळ्यांत येत नाहीत. साताऱ्याकडून कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोली, तापोळ्याचा भाग आहे. तिथे पाणी असल्याने दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळतं, फक्त हिवाळ्यात पहाटे धुकं चढतं.

मुंबईकरांचं एके काळचं हक्काचं ठिकाण म्हणजे वांगणी. लोकलने जायचं आणि पहाटेच्या लोकलने परत यायचं. आता बदलापूर इतकं वाढलं आहे की नवख्यांना तारकासमूह शिकवायला ते ठीक आहे, धूसर गोष्टींसाठी नाही. गाडी असेल तर भंडारदरा-रतनवाडी. तिथे नाशिक उत्तरेला आणि कल्याण-मुंबई नैर्ऋत्येला येतं, पण दक्षिण आणि आग्नेय हरिश्चंद्रगडाच्या रांगेकडे चांगली काळी राहते. मेअखेर-जूनमध्ये तिथे काजवे पाहायला गर्दी होते. त्या आठवड्यांत गाड्यांचे दिवे ना तारे पाहू देतात ना काजव्यांना सुखाने राहू देतात, म्हणून मी तेव्हा तिकडे जातच नाही. दक्षिणेचा नियम पाळायचा असेल तर म्हसळा-श्रीवर्धनची बाजू घ्या. मुंबई उत्तरेला शंभर किलोमीटरवर राहते.

९. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कुठे जावं?

तुम्ही आमच्यापेक्षा भाग्यवान आहात. अमरावतीकरांना चिखलदरा आणि मेळघाट, नंदुरबार-धुळ्याला सातपुड्यातलं तोरणमाळ, नांदेडला किनवटची जंगलं, सोलापूरला नान्नजच्या बाजूचे माळ. गडचिरोलीचा दक्षिण भाग, म्हणजे भामरागड-सिरोंचा, नकाशावर राज्यातल्या सर्वांत काळ्या पट्ट्यांपैकी आहे, मात्र तिथे स्थानिक ओळखीशिवाय रात्री बाहेर थांबू नये. चंद्रपूर शहराच्या आसपास वेळ घालवू नका. वीजकेंद्र आणि कोळसा खाणींचे झोत रात्रभर चालू असतात. नागपूरकरांनी प्रश्न ११ पाहावा.

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या ऊसपट्ट्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखाना रात्रंदिवस चालतो, आवारात झोत असतात, वर धूर असतो. उन्हाळ्यात काळोखी वाटलेली जागा डिसेंबरात तशी असेलच असं नाही.

१०. समुद्रकिनारा कसा? तिकडे तर पुढे काहीच दिवे नसतात.

पश्चिमेला पाणी म्हणून अर्धं आकाश आपोआप काळं मिळतं, हा किनाऱ्याचा मोठा फायदा. आंजर्ले, वेळास, देवगड, वेंगुर्ला इथे मी चांगल्या रात्री पाहिल्या आहेत. अडचण दमटपणाची. खारट दव भिंगांवर बसतं आणि क्षितिजावरचे दहा-बारा अंश बाष्पात जातात. कधी मच्छीमार बोटींच्या झगमगाटाने समुद्राची कडही उजळते. म्हणून कोकणात जायचं तर पाऊस संपून थंड, कोरडे वारे सुटल्यावर जा आणि पुळणीवर न थांबता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढा. कासवांच्या हंगामात वेळाससारख्या किनाऱ्यावर रात्री कोणताही दिवा लावू नका.

गोव्यात किनारपट्टी सोडून सांग्याकडे, नेत्रावळीच्या बाजूला आत शिरलं की फरक पडतो. पणजीतली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही जुनी हौशी संस्था आहे, आधी तिथल्या लोकांशी बोला.

११. पेंचला 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला म्हणे. म्हणजे तिथलं आकाश राज्यात सर्वांत काळं?

तसं नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. भारतातलं ते पहिलं आणि आशियातलं पाचवं. ही मान्यता नुसत्या काळोखाला मिळत नाही, काळोख सांभाळण्याला मिळते. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या बफर क्षेत्रातल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली राहील असे लावले गेले. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण लोकांनी स्वतःहून उजेड आवरल्याचं आपल्याकडे क्वचितच घडतं.

निरीक्षक म्हणून एक लक्षात ठेवा: नागपूर तिथून दक्षिणेकडे आहे. त्यामुळे हिवाळ्यातले डोक्यावरचे मृग-कृत्तिका आणि उत्तरेकडचे शर्मिष्ठा-ययाती हे तारकासमूह, हे तिथलं खास खाद्य. वनक्षेत्रात रात्रीचं निरीक्षण वन विभागाच्या परवानगीनेच होतं, आधी नोंदणी करून जा.

१२. एकदाच खर्च करायचा तर हानलेला जावं का?

जावं, पण काय पाहायचं ते ठरवून. लडाखमधल्या हानलेला भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण प्रसिद्ध आहे. सभोवतालचं १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र डिसेंबर २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून अधिसूचित झालं. हवा कोरडी, विरळ आणि काळोख पूर्ण. महाराष्ट्रात कुठेही न मिळणारं आकाश आहे ते.

मात्र हानले ३२ अंशांच्याही उत्तरेला आहे. तिथून अगस्त्य क्षितिजाला जेमतेम चिकटतो, त्रिशंकू दिसतच नाही आणि आकाशगंगेचं केंद्र आपल्यापेक्षा १४ अंश खाली राहतं. तेव्हा देवयानी, शर्मिष्ठा, हंस यांच्यासाठी हानले, आणि दक्षिणेसाठी आपला सह्याद्री. लेहला दोन-तीन दिवस थांबून विरळ हवेची सवय केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा सीमाभाग आहे, परवान्याचे सध्याचे नियम लेह प्रशासनाकडे पाहूनच निघा.

१३. जितकं उंच तितके तारे जास्त, हे खरं का?

अर्धं खरं. उंचीवर धूळ-धुक्याचा थर खाली राहतो, त्यामुळे आकाश स्वच्छ होतं. पण शेजारच्या शहराचा उजेड उंची अडवत नाही. सिंहगड १,३०० मीटरच्या आसपास आहे, तरी पुण्याचा उजेड समोर पसरलेला. उलट डोंगरांच्या वाटीत वसलेलं एखादं गाव खाली असूनही जास्त काळं असतं, कारण चहूबाजूंच्या कडा शहराचा उजेड झाकतात. फक्त दक्षिणेची कड ठेंगणी हवी.

१४. जागेवर पोचल्यावर ती किती अंधारी आहे हे कसं ओळखायचं?

स्काय क्वालिटी मीटर नावाचं हातात मावणारं यंत्र मिळतं. त्यात निखळ काळोखाचा आकडा २२ च्या आसपास, शहरात १८ किंवा त्याहून कमी. यंत्र नसेल तर डोळे पुरेत. परदेशी पुस्तकांत ध्रुवमत्स्यातले, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या समूहातले, तारे मोजायला सांगतात. आपल्याकडे तो क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत असतो, ती कसोटी सोडून द्या.

ऑक्टोबर ते डिसेंबरात पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या आत एकही तारा दिसत नसेल तर अजून पुढे जा. चार-पाच दिसले तर बरी जागा. डझनावर मोजता आले तर ती जागा वहीत लिहून ठेवा. जवळच देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी लांबट डागासारखी दिसायला हवी. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. जानेवारी ते एप्रिलमध्ये पुष्य पाहा: कर्क राशीतला तो धूसर पुंजका दुर्बिणीशिवाय जाणवला तर आकाश चांगलं. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती मात्र बऱ्यापैकी उजळ गावातूनही दिसते. लग्नात भटजी दाखवतात ती तीच. तिने नजर तपासता येईल, काळोख नाही.

१५. 'स्टारगेझिंग कॅम्प' अशी जाहिरात असलेल्या ठिकाणी पैसे भरावेत का?

फोन करून चार गोष्टी विचारा. रात्री आवारातले सगळे दिवे बंद करता का? शेजारच्या कॅम्पचे दिवे आणि गाणी कितीपर्यंत? तारीख चंद्र पाहून ठरवली आहे का? तारे दाखवणारं माणूस कोण? मी एकदा पंचवीस जणांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो. तळ्याकाठी तंबू, जाहिरातीत आकाशगंगा, आणि प्रत्यक्षात झाडाझाडावर रंगीत माळा आणि फाटकावर पहाटेपर्यंत जळणारा झोत. "पाहुण्यांना अंधाराची भीती वाटते" हे उत्तर मिळालं. त्या गटातल्या दोन लहान मुली दुर्बिणीत डोळा लावून लावून कंटाळून झोपी गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवख्यांनी आधी संस्थांबरोबर जावं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तारा कुठे पाहायचा हे शेजारी उभं राहून सांगणारं माणूस मिळणं मोलाचं असतं.

१६. आम्ही तिघी मैत्रिणी जाणार आहोत. परवानगी आणि सुरक्षिततेचं काय?

रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसू नका. आधी दिवसा एकदा जागा पाहून या. गावात राहायची सोय बघा आणि त्याच घराच्या अंगणात किंवा खळ्यावर बसा. पोलीस पाटलांना फोन करून "आम्ही इतक्या जणी, तारे बघायला येतोय" एवढं सांगितलं की गावात शंका उरत नाही आणि मदतही मिळते. अडचणीत ११२.

किल्ल्यांचा मोह आवरा. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही आणि अभयारण्यात रात्री वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात उसाच्या कडेला बसू नका, तिथे बिबट्यांचा वावर खरोखर आहे. चटई टाकण्याआधी टॉर्चने जमीन तपासा. मण्यार रात्रीच फिरते आणि कोकणच्या कातळावर फुरसं दगडासारखंच दिसतं. बूट घालूनच फिरा.

टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबरबँडने बांधा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झळकीत ती सगळी मोडते.

१७. नकाशावर काळी जागा होती, प्रत्यक्षात उजेड निघाला. असं का?

कारणं साधारण तीन असतात. लोकप्रिय नकाशातला आकाश-उजळतेचा थर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आराखड्यातला आहे. त्यानंतर समृद्धी महामार्ग आला, त्याच्या चढ-उताराच्या जागा दिव्यांनी भरल्या, गावोगाव एलईडी लागले. दुसरं, हे नकाशे उपग्रहाच्या मोजमापांवरून बनतात आणि तो उपग्रह रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. संध्याकाळी सात ते अकरा चालणारा धाब्याचा झोत त्याला दिसत नाही. तिसरं कारण अवघड आहे: त्या उपग्रहाच्या संवेदकाला निळा उजेड दिसत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो आणि हवेत तोच सर्वांत जास्त विखुरतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले की नकाशावर गाव काळं झाल्यासारखं वाटू शकतं, पण जागेवर आकाश उजळलेलं असतं.

याच्या उलटही होतं. भारनियमनाच्या रात्री एखादं गाव नकाशाहून कितीतरी काळं भेटतं. शेतीपंपांना रात्रपाळीची वीज असते तिथल्या शेतकऱ्याला विचारा, वेळापत्रक त्याला पाठ असतं. पाणी द्यायला आलेल्या अशाच एका आजोबांनी मला मृगातल्या तीन ताऱ्यांकडे बोट करून "तिकांडं ढळलं, दोन वाजले असतील" असं सांगितलं होतं. घड्याळात दोनला दहा कमी होते.

१८. पावसाळ्याचे चार महिने गेलेच म्हणायचे का?

सह्याद्रीवर आणि कोकणात बहुतेक वेळा हो. पर्जन्यछायेचा पट्टा मात्र वेगळा आहे: दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत. तिथे पावसात आठ-आठ दिवसांची उघडीप पडते, आणि सर येऊन गेलेली हवा इतकी धुतलेली असते की जानेवारीतही तेवढी पारदर्शक मिळत नाही. हवामान खात्याची इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं दुपारी पाहून निघायचं. १२-१३ ऑगस्टचा ययाती उल्कावर्षाव मी दोनदा म्हसवडच्या बाजूला पाहिला, पुण्यात दोन्ही रात्री भुरभुर चालू होती. अर्धवट ढग असले तर एक गमतीचा फरक दिसेल. शहराजवळ ढग उजळून निघतात. खऱ्या अंधाऱ्या जागी ते ताऱ्यांमधल्या काळ्या भोकांसारखे दिसतात.

१९. आम्ही परदेशात राहतो. सुट्टीत घरी आल्यावर तिकडे न दिसणारं काय पाहावं?

ब्रिटनमधून अगस्त्य कधीच उगवत नाही. अमेरिकेच्या बहुतांश भागातून मित्र आणि त्रिशंकू दिसत नाहीत. नाताळच्या सुट्टीत आलात तर मध्यरात्री ठीक दक्षिणेला व्याधाच्या खाली अगस्त्य असेल, पुण्यातून १९ अंशांवर. उन्हाळ्यात आलात तर एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास किंवा मेच्या मध्यावर सव्वानऊ-साडेनऊला त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो. त्याचा तळचा तारा पुण्यातून आठ अंशांवर, वेंगुर्ल्याहून अकरा अंशांवर, म्हणून सिंधुदुर्गात आजोळ असेल तर मुलांना तिथूनच दाखवा. दक्षिणेला झाड किंवा टेकडी नसलेली जागा दिवसाच हेरून ठेवा.

२०. आमचं गाव काळोखी होतं, आता चौकात हायमास्ट लागला. काही करता येतं का?

दिवा काढा म्हणू नका. बायाबापड्यांना रात्री वावरायला तो हवा असतो आणि त्यांचं बरोबर आहे. मागणी तीन गोष्टींची करा: उजेड फक्त खाली पडेल असं झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे आणि बंद करता येईल असा खटका. अर्ज ग्रामपंचायतीकडे, ग्रामसभेच्या आधी. सोबत पेंचमधल्या गावांचं उदाहरण जोडा (प्रश्न ११), आणि त्याच आठवड्यात गावच्या शाळेत एक आकाशदर्शन ठेवा. अर्जापेक्षा मुलांचा हट्ट लवकर ऐकला जातो.

आम्ही नेहमी जातो त्या एका गावात हे जमलं. हायमास्टच्या पेटीची किल्ली आता चौकातल्या किराणा दुकानदाराकडे असते. अमावास्येच्या शनिवारी नऊ वाजता तो दुकानाचं शटर ओढतो, "बंद करतोय रे" अशी हाळी देतो आणि दोन तास खटका खाली. मागच्या वेळी त्याची आईही खुर्ची घेऊन बाहेर आली होती. तिला सप्तर्षी हे नाव माहीत नव्हतं. ती त्याला बाजलं म्हणते, आणि त्याचे चारही खूर तिने एकेक करून नातीला दाखवले.